शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई

अरबी समुद्राच्या काठावर, गुजरातच्या सीमेलगत वसलेले बोर्डी हे चिकूच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. १९४५ मध्ये या गावात ग्राम बाल शिक्षा केंद्राची स्थापना झाली, तेव्हा संस्थापिका ताराबाई मोडक यांनी वयाची पन्नाशी ओलांडली होती. बालशिक्षणातील जवळजवळ दोन तपांचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. मुंबईत त्यांचे नाव झाले होते, संस्था उभी राहिली होती. ते सारे मागे ठेवून त्या खेड्यात आल्या. बालवाडी सुरू झाली. गावातील बऱ्या स्थितीतील घरांमधून मुले येऊ लागली. मात्र ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप मांडला होता, ती दलित आणि आदिवासी वस्त्यांवरची मुले काही केल्या येईनात.

शाळा आहे, शिक्षिका आहे, शुल्क नाही, तरी मूल येत नाही. शिक्षणक्षेत्रात हा अनुभव नवा नव्हता. अशा वेळी पालकांच्या अज्ञानाला दोष देऊन मोकळे होण्याची रीतही जुनीच होती. ताराबाईंनी तो मार्ग पत्करला नाही. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेनेच मुलाकडे गेले पाहिजे, असा निर्णय त्यांनी घेतला. दिसायला साध्या असलेल्या या निर्णयातून अंगणवाडी जन्माला आली. आज देशातील खेडोपाडी रुळलेला हा शब्द कोणत्या परिस्थितीत आणि कोणाच्या विचारातून घडला, हे समजून घ्यायचे तर ताराबाईंच्या आयुष्याकडे वळावे लागते.

१९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे. मुलींच्या शिक्षणाकडे समाज संशयाने पाहत होता, त्या काळात या घरात शिक्षणाला मान होता. ताराबाई १९१४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु हा संसार टिकला नाही. १९२१ मध्ये पतिपत्नी विभक्त झाले. पतीपासून वेगळे होऊन स्वतःच्या पायावर उभे राहणे, हे त्या काळच्या मध्यमवर्गीय स्त्रीसाठी केवढे धाडस होते, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. ताराबाईंनी त्या दुःखाचे प्रदर्शन कधी मांडले नाही. त्यांनी काम शोधले. राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली.

पद प्रतिष्ठेचे होते, वेतनही चांगले होते. परंतु शिक्षिका घडवण्याचे काम करत असतानाच प्रचलित शिक्षणपद्धतीतील पोकळपणा त्यांना जाणवू लागला. शिक्षकाने सांगावे, मुलांनी ऐकावे, पाठ करावे आणि चुकल्यास छडी खावी, असा तो क्रम होता. त्यात मुलाच्या इच्छेला, गतीला, कुतूहलाला जागाच नव्हती. याच सुमारास त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या कार्याचा परिचय झाला.

गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांच्या हाती मारिया माँटेसरी यांचे विचार आले आणि वकिली मागे पडली. १९१६ मध्ये ते नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. मुलांवर मातेची माया करणाऱ्या या मिशावाल्या गृहस्थांना गुजरातने मुछाळी मा ही पदवीच बहाल केली. त्यांच्या बालमंदिरात शिक्षा नव्हती, बक्षिसेही नव्हती. मुले आपल्या आवडीचे साधन उचलत, आपल्या गतीने काम करत आणि चूक झाली तर ती साधनातूनच त्यांच्या लक्षात येत असे. गोष्टी, गाणी, नाटक, बागकाम यांना तेथे अभ्यासाइतकेच स्थान होते. १९२३ मध्ये ताराबाई राजकोटचे प्राचार्यपद सोडून भावनगरला आल्या. प्राचार्याने पद सोडून बालमंदिरात काम करायला येणे, हे व्यवहारी लोकांच्या दृष्टीने पायउतार होण्यासारखेच होते.

पुढील नऊ वर्षे ताराबाईंच्या जीवनातील उमेदवारीची वर्षे ठरली. मूळच्या मराठी असूनही त्यांनी गुजराती भाषा आत्मसात केली आणि गिजुभाईंबरोबर त्या भाषेत विपुल बालशिक्षणविषयक लेखन केले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. संघाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. संघाचे मुखपत्र असलेल्या शिक्षणपत्रिकेतून नव्या बालशिक्षणाचा विचार घराघरांत पोहोचू लागला. या पत्रिकेची मराठी आवृत्तीही पुढे निघाली आणि तिची धुरा ताराबाईंनी वाहिली. मूल हट्ट का करते, ते खोटे का बोलते, शिस्त म्हणजे नेमके काय, अशा आईबापांच्या रोजच्या प्रश्नांवर त्यांनी सोप्या मराठीत लिहिले. बालमानसशास्त्राची परिभाषा त्यांनी स्वयंपाकघरापर्यंत आणली, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

१९३२ मध्ये भावनगर सोडून त्या मुंबईला परतल्या. १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. त्याला जोडूनच बालशिक्षकांच्या प्रशिक्षणाचे कामही उभे राहिले. दादरच्या मध्यमवर्गाने या नव्या शाळेचे स्वागत केले. लहानशा टेबलांवर मांडलेली लाकडी साधने, आपापल्या कामात दंग झालेली मुले आणि हलक्या आवाजात बोलणाऱ्या शिक्षिका, असे बालमंदिराचे चित्र शहरी पालकांच्या मनात ठसले. परंतु याच यशातून ताराबाईंच्या मनात अस्वस्थता निर्माण झाली. १९३९ मध्ये गिजुभाई निवर्तले. त्याच वर्षी माँटेसरी स्वतः भारतात आल्या आणि त्यांच्या पद्धतीचा देशभर बोलबाला झाला. मात्र ही पद्धत हळूहळू खाऊनपिऊन सुखी असणाऱ्यांच्या घरची होत चालली होती. तिची साधने महाग होती आणि ठरलेल्या मापाबरहुकूम बनवून घ्यावी लागत.

वास्तविक माँटेसरींचे पहिले बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत निघाले होते. दिवसभर आईबाप कामावर आणि मुले जिन्यांवर उंडारणारी, अशा चाळींमधून त्या पद्धतीचा उगम झाला होता. गरिबांच्या मुलांसाठी सुरू झालेले शिक्षण भारतात येईतो संपन्न मुलांचे झाले, हा विपर्यास ताराबाईंना दिसत होता. महात्मा गांधींनाही तो जाणवला होता. १९३७ च्या वर्धा परिषदेतून आकाराला आलेली नई तालीम सात वर्षांवरील मुलांचा विचार करणारी होती. १९४४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर गांधीजींनी तिचा विस्तार जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या शिक्षणात केला आणि त्यात पूर्वबुनियादी शिक्षणाला स्थान मिळाले. खेड्यातील, दरिद्री घरातील लहान मुलासाठी कमी खर्चाचे बालशिक्षण कसे असावे, हा प्रश्न आता प्रत्यक्ष प्रयोगाची वाट पाहत होता. ताराबाईंनी तो प्रयोग करण्यासाठी बोर्डी निवडली. आचार्य भिसे यांच्यासारखे शिक्षणव्रती त्या परिसरात आधीपासून कार्यरत होते. पुण्यात शिक्षिकेची नोकरी केलेल्या, बालवयातच वैधव्य आलेल्या अनुताई वाघ याच वर्षी ताराबाईंना येऊन मिळाल्या. वयाने अठरा वर्षांनी लहान असलेल्या या सहकारिणीची साथ ताराबाईंना अखेरपर्यंत लाभली.

ज्या परिसरात या दोघी आल्या, तेथील माती तेव्हा धुमसत होती. डहाणू, उंबरगाव, तलासरी या भागातील वारली समाज जमीनदार, सावकार आणि जंगलठेकेदार यांच्या वेठीखाली भरडला जात होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी आयुष्यभर राबणारे लग्नगडी येथे होते. १९४५ मध्येच गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला. अशा समाजातील मूल शाळेत का येत नाही, याचे उत्तर शोधायला ताराबाईंना फार दूर जावे लागले नाही. ते उत्तर त्या मुलाच्या दिवसात होते. आईबाप पहाटे कामावर जात. मागे राहिलेले सहा-सात वर्षांचे मूल धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन सांभाळत असे. त्याहून मोठे मूल गुरे राखायला जाई. लाकूडफाटा, पाणी, खेकडे-मासे पकडणे ही कामेही मुलांचीच. शाळेची घंटा होई, तेव्हा ही मुले घराचा गाडा ओढत असत.

म्हणून शाळेने आपली जागा, वेळ आणि साधने बदलायचे ठरवले. ताराबाईंनी बालवाडीचे दोन प्रकार कल्पिले. एक मध्यवर्ती बालवाडी, जी ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी आणि पुरेशा साधनांसह चाले. दुसरी अंगणवाडी, जी वस्तीवर, कोणाच्या तरी घरापुढच्या अंगणात किंवा झाडाखाली, तेथील माणसांच्या सोयीच्या वेळी भरे. शिक्षिका साहित्य घेऊन वस्तीवर जाई. आरंभ होई तो अंघोळीने. मुलांना न्हाऊ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे, खरजेवर औषध लावणे हा तेथील पहिला पाठ होता. मग गाणी, गोष्टी, खेळ, चित्रे. हे सारे आईच्या, आजीच्या डोळ्यांदेखत चाले, त्यामुळे मुलाबरोबर घरही नकळत शिकत असे. दाराशी आलेल्या शाळेबद्दलचा परकेपणा हळूहळू ओसरू लागला.

महागड्या लाकडी साधनांची जागा शिंपले, चिंचोके, खडे, बिया, पाने, फुले, बांबूचे तुकडे आणि माती यांनी घेतली. लहानमोठे, जाड-पातळ, खरखरीत-गुळगुळीत, हलके-जड हे भेद ओळखायला निसर्गातील वस्तू पुरेशा होत्या. येथे ताराबाईंची खरी समज दिसून येते. त्यांनी माँटेसरींच्या पद्धतीतील साधने बदलली, पण त्यामागचे तत्त्व सोडले नाही. इंद्रियशिक्षण, स्वतःच्या हाताने करून पाहणे, स्वतःच्या गतीने पुढे जाणे, भय आणि आमिष या दोहोंपासून मुक्ती, या गोष्टी अंगणातही तशाच राहिल्या. कोणती गोष्ट गाभ्याची आणि कोणती केवळ बाह्यांगाची, याचा विवेक असल्यानेच त्यांना हे शक्य झाले. तो विवेक नसता, तर अंगणवाडी ही गरिबांसाठीची हलक्या प्रतीची बालवाडी झाली असती.

१९५७ मध्ये केंद्र बोर्डीहून काही अंतरावरील कोसबाडच्या टेकडीवर हलवण्यात आले. आता ताराबाई आणि अनुताई थेट वारली पाड्यांच्या मधोमध आल्या. येथे विकासवाडीची कल्पना साकार झाली. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा अशी तिची रचना होती. ही रचना सोयीपुरती नव्हती. तिच्यामागे मुलीच्या शिक्षणाचा विचार होता. धाकट्या भावंडासाठी घरी अडकून पडलेली मुलगी त्याला घेऊन येई, त्याला पाळणाघरात ठेवी आणि स्वतः वर्गात जाऊन बसे. ज्या अडचणीमुळे शाळा सुटत होती, ती अडचणच शाळेने आपल्या आवारात सामावून घेतली.

गुराख्यांचा प्रश्न मात्र तरीही उरला होता. गुरे पाळणाघरात ठेवता येत नाहीत. तेव्हा शिक्षक मुलांबरोबर रानात गेला आणि कुरणशाळा सुरू झाली. गुरे चरत असताना झाडाच्या सावलीत मुले जमत. गुरांची मोजणी हे गणित होते, गवताच्या जाती आणि पाखरांची ओळख हा निसर्गाभ्यास होता, जमिनीवरची रेघ ही अक्षराची सुरुवात होती. एखादे जनावर वाट चुकून शेताकडे वळले, तर मूल उठून जाई आणि परत येऊन बसे. असा विद्यार्थी वर्गातून पळून गेला असे म्हणता येत नव्हते, कारण त्याचे काम आणि त्याचा अभ्यास आता एकाच कुरणात नांदत होते. दिवसा ज्यांना मुळीच सवड नसे, त्यांच्यासाठी रात्रीचे वर्ग होते. अशा रीतीने एकाच संस्थेने काही शिक्षण आवारात, काही अंगणात आणि काही रानात दिले. आज ज्याला मिश्र अध्यापन म्हटले जाते, त्याचे हे यंत्राविना चाललेले रूप होते.

या कामाला मर्यादाही होत्या. बालवाडीत फुललेले मूल मोठे होताच पुन्हा मजुरीकडे ओढले जाण्याची भीती कायम असे. पोटाचा प्रश्न शिक्षणापेक्षा बलवत्तर होता आणि जमिनीची मालकी बदलणे बालवाडीच्या हातात नव्हते. पाड्यावरची बोली आणि पुस्तकातील मराठी यांमधले अंतरही मोठे होते. शिवाय वस्तीवर जाऊन, चिखलात बसून, मुलांचे नाक पुसत शिकवणाऱ्या शिक्षिका मिळणे दुरापास्त होते. म्हणून बालसेविका घडवण्याच्या कामाला केंद्राने मुलांच्या शिक्षणाइतकेच महत्त्व दिले. पद्धत कितीही उत्तम असली, तरी ती राबवणारे माणूस तयार झाले नाही तर ती कागदावरच राहते, हा राजकोटपासूनचा धडा ताराबाई विसरल्या नव्हत्या.

१९६२ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरवले. वाढते वय आणि ढासळती प्रकृती यांना न जुमानता त्या बालशिक्षणाच्या चिंतनात मग्न राहिल्या. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कोसबाडची धुरा अनुताईंनी पुढे जवळजवळ दोन दशके समर्थपणे सांभाळली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि १९९२ मध्ये त्यांनीही जगाचा निरोप घेतला.

ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांतून सुरू केली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव लाभले. आज देशात तेरा लाखांहून अधिक अंगणवाड्या आहेत. पोषण आहार, लसीकरण, माता-बालकांची आरोग्यतपासणी यांत त्यांनी मोलाची कामगिरी केली आहे. परंतु ताराबाईंच्या अंगणवाडीत जो शिक्षणाचा गाभा होता, तो या विस्तारात अनेकदा मागे पडला. नाव सर्वत्र पोहोचले, पण विचार त्या मानाने कमी पोहोचला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण औपचारिक शिक्षणरचनेचा भाग मानले, हे या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे आहे.

त्याच २०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या साथीमुळे शाळांची दारे बंद झाली आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. वर्ग ऑनलाइन भरू लागले. शहरातील मुलांचे कसेबसे निभावले. पण ज्या घरात एकच फोन होता आणि तो बाप कामावर घेऊन जात होता, ज्या पाड्यावर फोनला रेंजच नव्हती, तेथे शाळा पुन्हा एकदा दूर गेली. अशा वेळी पालघर जिल्ह्यातील काही पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवले गेले. महाराष्ट्राच्या अनेक खेड्यांत शिक्षक पारावर, ओट्यावर, मंदिराच्या मंडपात चार-चार मुलांना घेऊन बसले. पाऊण शतकापूर्वी याच जिल्ह्याच्या मातीत जे घडले होते, त्याची ही पुनरावृत्ती होती.

पडदा, ध्वनिक्षेपक, शिंपला किंवा चिंचोका, ही सारी अखेर साधनेच. ती काळानुसार बदलत राहतील. ताराबाईंनी मागे ठेवलेला प्रश्न त्यांच्या आधीचा आहे. मुलाचा दिवस कसा जातो, त्याच्या कडेवर कोण आहे, त्याच्या हाती कोणते काम आहे आणि त्यातील कोणती घटका शिक्षणाला देता येण्याजोगी आहे, हे शिक्षकाने पाहिले आहे काय? विद्यार्थिकेंद्रित शिक्षणावर आज ग्रंथ लिहिले जातात, परिसंवाद होतात. बोर्डीच्या एका वस्तीवर, कोणाच्या तरी सारवलेल्या अंगणात मुलांचे केस विंचरत बसलेल्या शिक्षिकेने त्याची सुरुवात केव्हाच करून ठेवली होती.